नाजनीनच्या काठीची चकाकी

परावर्तनाचा नियम मी पंचवीसेक वर्षं अकरावी-बारावीच्या मुलांना शिकवतो आहे. आपतन कोन आणि परावर्तन कोन समान असतात. एवढ्या वर्षांत या नियमाने मला कधी त्रास दिला नाही आणि मीही त्याला दिला नाही. आमचे संबंध फळ्यापुरतेच होते. नाजनीनने ती काठी माझ्या हातात ठेवली आणि ते बिघडायला सुरुवात झाली.

काठी म्हणजे पूल नावाच्या खेळातली. हिरव्या कापडाच्या टेबलावर रंगीत चेंडू ढकलायला लागते ती. खेळणारे तिला क्यू म्हणतात. आमच्या भवानी पेठेत तिला काठीच म्हणतात, आणि शेजारच्या चनमल्लप्पांनी तर ती माझ्या हातात बघून कुणाला कुत्रं चावलं का, अशी चौकशी केली. चनमल्लप्पा भूमापन खात्यातून निवृत्त झाले आहेत. पूर्वी ते जमिनी मोजायचे, आता गल्लीत कोण काय घेऊन कुठे चाललं ते मोजतात.

नाजनीन ही चांदसाबची मुलगी आणि माझी जुनी विद्यार्थिनी. चांदसाब आणि मी एकाच गल्लीत गोट्या खेळून मोठे झालो. त्याचं लेथचं दुकान आमच्या घरासमोरच आहे, मधे फक्त गटार आणि चनमल्लप्पांची मोटारसायकल. गिरण्या चालू होत्या तेव्हा चांदसाब लेथवर सूत गुंडाळायच्या लाकडी बॉबिन कातायचा. गिरण्या बंद पडल्या तशी लाटणी, पाळण्याचे खांब, देवघराचे कळस असं करत त्याने दुकान चालू ठेवलं. त्याच्या पाठीमागे उभी राहून नाजनीन काम शिकली आणि शहरातल्या पूल पार्लरांच्या मोडक्या काठ्या दुरुस्त करू लागली. आता तिने एक काठी पहिल्यापासून शेवटपर्यंत स्वतः बनवली होती. दांडा पांढऱ्या लाकडाचा, मूठ शिसवाची, आणि मुठीत खालून वर निमुळती होत जाणारी चार पाती बसवलेली. ती पाती गिरणीतल्या मागावर आडवा धागा नेणाऱ्या जुन्या, लाकडी धोट्यांतून काढली होती. ज्या धोट्यांनी सोलापूरच्या चादरी विणल्या, ते आता काठीच्या मुठीत जाऊन बसले होते. मी ती काठी हातात धरली आणि उगीचच ताठ उभा राहिलो.

पुण्यात देशभरच्या काठी बनवणाऱ्यांचं प्रदर्शन भरणार होतं आणि फोटो बघून निवड होणार होती. फोटोंच्या अटी अशा, की लाकडाच्या रेषा दिसल्या पाहिजेत, रंग खरा दिसला पाहिजे आणि चकाकी अजिबात नको. फोटो रविवारपर्यंत पोचायला हवे होते.

याशिवाय चांदसाबची स्वतःची एक अट होती. ती त्याने भरदुपारी, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात जाहीर केली होती. निवड झाली तर लेथ नाजनीनची. नाही झाली तर लेथ भंगारात आणि नाजनीन तिच्या मावशीने, झीनतखालाने, बघून ठेवलेल्या शाळेच्या ऑफिसात. तो हे रागाच्या भरात बोलला होता, पण चांदसाबचं बोलणं म्हणजे दगडावरची रेघ. कोपऱ्यावरच्या हॉटेलात पुन्हा चहा पिणार नाही, असं तो एकदा म्हणाला होता. ते हॉटेल जाऊन तिथे औषधांचं दुकान आलं, तरी तो अजून त्या बाजूने चालत नाही.

तर हे सगळं सांगून नाजनीन म्हणाली, की सर, तुमच्याकडे खरा कॅमेरा आहे. होता. उजनीच्या पाण्यावर रोहित पक्षी येतात, त्यांचे फोटो काढायला मी तो घेतला होता. त्या फोटोंत बहुतेक पाण्याची चमक आली आहे. एका फोटोत एक पाय आहे, तो रोहितचा की बगळ्याचा याबद्दल घरात दोन मतं आहेत. पण हे मी नाजनीनला सांगितलं नाही. मी म्हणालो, "दहा मिनिटांचं काम आहे." आमच्या सौभाग्यवती विजयमाला तेव्हा आतल्या खोलीत होत्या. त्यांनी आतूनच एक उसासा सोडला.

पहिला प्रयोग दिवाणखान्यात, ट्यूबलाइटखाली झाला. काठीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत एक पांढरीशुभ्र रेघ आली. मी काठी फिरवली, रेघ तिथेच. मी स्वतः फिरलो, रेघ माझ्याबरोबर फिरली. मग मी कागद घेतला आणि नाजनीनला आकृती काढून सिद्ध करून दाखवलं, की वस्तू गोल असेल तर तिच्यावर कुठे ना कुठे अशी एक जागा असणारच, जिथून प्रकाश बरोबर आपल्या डोळ्यांत येतो. म्हणजे गोल आणि गुळगुळीत काठीचा चकाकीविना फोटो निघणं तत्त्वतः अशक्य आहे. सिद्धता फार सुंदर झाली होती. नाजनीनने ती लक्षपूर्वक पाहिली, मान डोलावली आणि विचारलं, "मग सर, फोटो कधी काढायचा?"

दुसऱ्या दिवशी आम्ही गच्चीवर गेलो. प्रकाश थेट पडला की चकाकतो. तो गाळून, पसरून पाडला तर रेघ विरून जाते, एवढं मला ठाऊक होतं. प्रकाश गाळायला घरात काय आहे, तर सोलापुरात जे प्रत्येक घरात असतं तेच. दोरीवर चादर टाकली. ती इतकी जाड निघाली, की खाली संध्याकाळ झाली. चादर सरकवून काठीवर थोडी सावली येईल अशी बसवली, तर तिच्यात पाण्याची टाकी दिसू लागली. टाकी झाकली तर शेजारचा पत्रा दिसू लागला. पत्र्यावर पोतं टाकलं, फोटो काढला, मोठा करून पाहिला, तर शिसवी मुठीवर उभी, लांबलचक, शेवग्याच्या शेंगेसारखी एक पांढरी आकृती. बराच वेळ निरखल्यावर ओळख पटली. बनियनमधला मीच होतो. लग्नानंतर मी पहिल्यांदाच बारीक दिसलो होतो, म्हणून तो फोटो मी पुसला नाही.

चनमल्लप्पा त्यांच्या गच्चीवरून हे पाहत होते. त्यांनी मंद्रूपच्या भावाचा ट्रॅक्टर फोनवर फोटो टाकून विकला होता आणि तेव्हापासून ते स्वतःला छायाचित्रकार समजतात. "सर, मी काय म्हणतो, वस्तू पुसायचीच नाही. धूळ असू दे की. आमचा ट्रॅक्टर किती छान आला, हौदु, खरं की नाही?" असं ते म्हणाले. मी त्यांना विज्ञान आणि ट्रॅक्टर यांतला फरक समजावून सांगितला. ते ऐकून घेऊन म्हणाले, की मग काठी पाण्यात बुडवून काढा.

पण त्या दिवशी काम बरंच जमलं होतं. मी अंगात काळा सदरा घातला, पोतं नीट बसवलं, चादर पातळ बाजूने ओढली, आणि रेघ फिकट होत होत जवळजवळ गेली. धोट्यांच्या पात्यांतल्या बारीक रेषाही दिसायला लागल्या. तेवढ्यात ऊन कललं. उद्या याच वेळी, याच जागी, शेवटचा हात फिरवला की झालं, असं मी म्हणालो आणि नाजनीन काठी चादरीत गुंडाळून दुकानात घेऊन गेली. काठी रात्री दुसऱ्याच्या घरी ठेवायची नाही, अशी चांदसाबची ताकीद होती. परक्या हवेत लाकूड फुगतं म्हणे. ज्या काठीचं त्याला काही पडलं नव्हतं, तिची हवा बदलू नये याची त्याला एवढी काळजी का, हा प्रश्न खरं तर मला तेव्हाच पडायला हवा होता.

दुसऱ्या दिवशी तीच वेळ, तीच चादर, तेच पोतं, तोच सदरा. आणि काठी कालच्यापेक्षा जास्त चमकत होती.

मला राग आला नाही, उलट अंगावर काटा आला. पाठ्यपुस्तकातली सगळी गणितं सुटलेली असतात. न सुटलेलं गणित माझ्या वाट्याला फार दिवसांनी आलं होतं. सगळ्या गोष्टी तशाच ठेवल्या आणि उत्तर बदललं, तर काहीतरी एक बदललेलं असलंच पाहिजे. मी भिंग पुसलं. सूर्य कालपेक्षा किती सरकला याचं गणित केलं. ते नगण्य आलं. हवेत धूळ कमी झाली असेल म्हणून चनमल्लप्पांकडे चौकशी केली, तर ते म्हणाले, धूळ आहे तेवढीच आहे, तुमचं लक्ष नसतं. त्याच्या पुढच्या दिवशी चकाकी आणखी वाढली. आता काठीत पोत्यावरची अक्षरंसुद्धा वाचता येत होती.

हे मी जेवताना विजयमालेला सांगितलं. ती भाकरी थापत होती. ती म्हणाली, की अहो, सगळं तसंच आहे म्हणता, मग तुमचे डोळे तरी तसेच आहेत का? विज्ञानात निरीक्षकही तपासावा लागतो, हे मला मान्य होतं. म्हणून मी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेलो. डॉक्टर तरुण होते, माझेच विद्यार्थी निघाले. त्यांनी डोळ्यांत औषध घालून, उजेड मारून पाहिलं आणि मोतीबिंदूची सुरुवात असल्याचं सांगितलं. उजेडाकडे पाहिलं की चकाकी जास्त वाटेल, असंही म्हणाले. मी म्हणालो, चकाकी फोटोत आहे. ते म्हणाले, फोटो कोण बघतं? मी म्हणालो, मी. त्यांनी आदराने मान हलवली.

दवाखान्याच्या बाकावर चनमल्लप्पांची वहिनी बसली होती, हे माझं दुर्दैव. संध्याकाळपर्यंत पेठेत बातमी पसरली, की नंदू सरांची नजर गेली. दुसऱ्या दिवशी मी कॉलेजला निघालो तर चौकात बारावीच्या एका मुलाने माझा दंड धरून मला रस्ता ओलांडून दिला. मला त्या बाजूला जायचंच नव्हतं. मी परत या बाजूला आलो, तर दुसऱ्याने मला पुन्हा पलीकडे नेलं.

नाजनीनलाही हे कळलं. ती आली आणि माझ्या डोळ्यांकडे बघू लागली. मी म्हणालो, की नाजनीन, कॅमेऱ्यातले फोटो तू स्वतः बघ, त्यात चकाकी आहे की नाही. तिने पाहिले. आहे, म्हणाली, रोज वाढतीये. मग माझा मोतीबिंदू तरी निर्दोष सुटला. पण आता हातात एकच दिवस उरला होता आणि गच्चीवर मला काही सुचत नव्हतं. मला वाटलं, दोष आजूबाजूचा असावा. टाक्या, पत्रे, ताटाएवढ्या अँटेना, सगळं चमकणारंच. जिथे एका बाजूला नुसतं मोकळं आकाश आणि दुसऱ्या बाजूला उंच भिंतीची गार सावली असेल, अशी जागा पाहिजे होती. अशी जागा मला ठाऊक होती. तलावाकाठच्या एका बागेत. कोणत्या ते सांगत नाही, मला तिथे पुन्हा फिरायला जायचं आहे.

बागेच्या दाराशी धोंडीराम नावाचे रखवालदार होते. माझ्या गळ्यातला कॅमेरा बघून त्यांनी काठी आडवी धरली, म्हणजे त्यांची. आत मोठ्या कॅमेऱ्याने फोटो काढायचा तर परवानगी लागते, ती ऑफिसातून आणा. ऑफिसातल्या बाईंनी अर्ज पुढे केला. त्यात तीनच प्रकार होते. लग्नाआधी जोडपी काढून घेतात ते प्री-वेडिंगचे फोटो, चित्रपट आणि ड्रोन. मी विचारलं, काठी कशात बसते? बाईंनी खरोखर विचार केला. ड्रोनमध्ये बसवता येईल म्हणाल्या, पण मग पोलिसांचं पत्र लागेल. चित्रपट म्हटलं तर कथेचा सारांश जोडावा लागेल. प्री-वेडिंगला मात्र नवरा-नवरीची नावं लिहिली की पुरे. मी क्षणभर थांबलो आणि माझं आणि विजयमालेचं नाव लिहिलं. बाईंनी माझ्या डोक्याकडे पाहिलं, जिथे केस असायला हवेत तिथे. त्या म्हणाल्या, "वय विचारायचा नियम नाही सर." मग शिक्का मारला.

नवरी समक्ष हजर पाहिजे, ही अट मी घरी येऊन सांगितली. विजयमाला हसेल असं वाटलं होतं. ती उठून कपाटाकडे गेली. फोटोला चादर जाड होते म्हणालात ना, असं म्हणत तिने खालच्या पेटीतून, डांबरगोळ्यांच्या वासातून, एक पातळ पांढरं सुती कापड काढलं. आमच्या लग्नातला अंतरपाट. मधल्या कुंकवाच्या स्वस्तिकाचा रंग आता फिकट गुलाबी उरला होता. तो भाग वर धरायचा, खाली लाकडावर रंग पडायला नको, हे तिने मला सांगितलं, मी तिला नाही. आणि डाग पडला तर लग्न मोडलं असं समजायचं, हेही सांगितलं.

अशा रीतीने शनिवारी सकाळी आमची वरात निघाली. रिक्षात इरकल नेसलेली विजयमाला, तिच्या मांडीवर अंतरपाट, शेजारी कॅमेरा घेतलेला मी. मागून स्कूटरवर चांदसाब आणि त्याच्या मागे चादरीत गुंडाळलेली काठी धरून नाजनीन. चांदसाब का आला, तर काठी स्कूटरवरून पडली तर उगीच मला बोल नको, असं त्याचं म्हणणं. चनमल्लप्पांनी दारात उभं राहून कुणाचं लग्न म्हणून विचारलं. मी घाईत होतो, म्हणून परवानगीत लिहिलं होतं तेच सांगितलं. ते खुर्चीत बसले.

धोंडीरामांनी शिक्का पाहिला, नवरी पाहिली, तिला नमस्कार केला आणि दार उघडलं. भिंतीच्या सावलीत आम्ही दोन दगडांवर काठी आडवी ठेवली. एका बाजूने विजयमालेने आणि दुसऱ्या बाजूने नाजनीनने अंतरपाट धरला. तलावावरून येणारा उजेड त्या जुन्या कापडातून असा काही गाळून आला, की मी कॅमेरा खाली घेऊन नुसता बघत राहिलो. रेशमासारखा, सावली न पाडणारा उजेड. या कापडाआड मी एकदा घामाघूम होऊन उभा होतो, तेव्हा उजेडाकडे बघायचं सुचलं नव्हतं. आता कोणत्याही वस्तूवर रेघ येणं शक्य नव्हतं. मी डोळा लावला. काठीवर, या टोकापासून त्या टोकापर्यंत, रेघ होती.

मी हरलो. तसं मी मोठ्याने म्हणालोही. नाजनीनला म्हणालो, की पोरी, मला माफ कर, मी दहा मिनिटांचं काम म्हणालो आणि तुझा आठवडा घालवला. एखाद्या स्टुडिओवाल्याकडे गेली असतीस तर फोटो कधीच पुण्याला पोचले असते. तिच्या हातातलं अंतरपाटाचं टोक थोडं खाली आलं. मला एकदम त्या शाळेच्या ऑफिसातली खुर्ची दिसली आणि तिच्यावर बसलेली नाजनीन दिसली, आणि मला फार वाईट वाटलं.

तरी एक गोष्ट राहिली होती. वर्गात मी मुलांना नेहमी सांगतो, की उत्तर चुकत असेल तर तुलनेला दुसरी वस्तू घ्या. एवढ्या दिवसांत मी उजेड बदलला, जागा बदलली, डोळे तपासले, पण काठी कधी बदलली नव्हती. मी नाजनीनला विचारलं, तुझ्याकडे दुसरी काठी आहे का? तिच्या पिशवीत पार्लरवाल्याला परत द्यायच्या, मधून सुटणाऱ्या काठीचा अर्धा भाग होता. तिनेच महिन्याभरापूर्वी केलेला, त्याच लाकडाचा. तो मी पहिल्या काठीशेजारी ठेवला. त्याच अंतरपाटाखाली, त्याच उजेडात, तो अर्धा भाग शांत, दुधासारखा पांढरा, रेषान् रेष दाखवत पडला होता आणि शेजारी पहिली काठी लखलखत होती.

मी पहिल्या काठीवरून बोट फिरवलं. बोट किंचित चिकटलं. वास घेतला. चपडीचा वास होता, स्पिरिटमध्ये लाख विरघळवून सुतार लाकडाला लावतात ती चपडी. हा वास मी लहानपणापासून ओळखतो. आमच्या गल्लीला तोच वास आहे, कारण चांदसाब स्वतः कातलेल्या प्रत्येक वस्तूवर चपडीचा हात फिरवल्याशिवाय ती दुकानाबाहेर जाऊ देत नाही. मी चांदसाबकडे पाहिलं. नाजनीननेही पाहिलं. चांदसाब तलावाकडे बघत होता, जणू त्याने पाणी पहिल्यांदाच पाहिलं होतं.

"अब्बा," नाजनीन म्हणाली, "तुमी काठीला चपडी लावली?"

तो पाण्याकडेच बघत म्हणाला, "लावली की. रोज एकेक हात. तू घरी गेल्यावर."

"का?"

"हाताला कोरडी लागत हुती. पुण्याची मान्सं फोटो बगून म्हन्तील, चांदसाबच्या पोरीनं काम अर्धंच सोडलं. बॉबिनला चमक नसली तर धागा अडकतोय. आपल्या दुकानाच्या नावानं बिनचमकीचं लाकूड आजपर्यंत कदी गेलं न्हाय."

"अब्बा, मी ती कोरडी मुद्दाम ठेवली हुती. ह्याच्यावर धागा चालवायचा नाही, हात चालवायचा हाय. चपडीला घाम लागला की हात चिकटतोय. खेळणारा काठी टाकून देईल."

चांदसाबने काठी उचलली. अंगठा आणि बोटाच्या बेचक्यातून, खेळणारे सरकवतात तशी, त्याने ती पुढे-मागे सरकवून पाहिली. काठी मधेच अडकली. मग त्याने शेजारचा अर्धा भाग घेऊन तसाच सरकवला. तो पाण्यासारखा गेला. त्याने पुन्हा एकदा करून पाहिलं. आयुष्यभर मी चांदसाबला लाकडाबद्दल चुकलेलं पाहिलं नव्हतं, आणि चुकल्यावर तो काय करतो याची मला भीतीच वाटत होती. मलाही एक विचारायचं होतं आणि ते मी विचारलं. म्हणालो, की चांदसाब, निवड झाली नाही तर लेथ भंगारात घालणार होतास ना? मग रोज चपडी कशाला लावत होतास?

"व्हावी म्हनून, नंदू," तो म्हणाला. "आनि कशाला?"

नाजनीनने पिशवीतून बारीक पॉलिश पेपर काढला आणि ती खाली बसू लागली. चांदसाबने तो तिच्या हातातून घेतला. म्हणाला, मी चढवलं, मीच उतरवतो. तो दगडाशेजारी मांडी घालून बसला आणि लाकडाच्या रेषेबरोबर, हळूहळू, स्वतःची चमक उतरवू लागला. मधेच थांबून तो काठी नाजनीनपुढे धरायचा. ती बोट फिरवून अजून म्हणायची, तो पुन्हा बसायचा. एकदा म्हणाला, की एवढ्या वर्षांत असलं काम कधी केलं नाही बघ. ती म्हणाली, मुठीजवळ पाती हायत, तिथं जपून. हो म्हणाला, आणि जपून केलं.

तोवर अंतरपाटाचं एक टोक मी धरलं होतं आणि दुसरं विजयमालेने. धोंडीराम फेरी मारत आले आणि थबकले. त्यांनी अशी लग्नं पुष्कळ पाहिली असणार. ते म्हणाले, की सर, नवरा-नवरीनं अंतरपाट धरायचा नसतो, तुमी दोन बाजूंना उभे रावा, धरायला मी येतो. मी त्यांना समजावू लागलो, पण विजयमाला म्हणाली, येऊ देत की. त्यांनी माझं टोक हातात घेतलं, आणि मी फोटो काढायला मोकळा झालो.

या खेपेला मी डोळा लावला तेव्हा काठी होती, लाकूड होतं, धोट्यांची चार पाती होती, त्यांतली रेषान् रेष होती, आणि पांढरी रेघ नव्हती. पुण्याने मागितले होते त्यापेक्षा जास्त फोटो मी काढले. शेवटी धोंडीरामांनी परवानगीचा नियम म्हणून नवरा-नवरीचा एक फोटो काढायला लावला. तो नाजनीनने काढला. त्यात अंतरपाटाच्या उजेडात विजयमाला फार छान दिसते आहे. माझ्या डोक्यावर मात्र, या कानापासून त्या कानापर्यंत, एक पांढरी रेघ आहे.

परतताना चांदसाब स्कूटर सुरू करता करता थांबला. नाजनीनकडे न बघता म्हणाला, की सोमवारपासून लेथवर तू बस, मी मागं बसतो. निकाल काय लागायचा तो लागू दे. दगडावरची रेघ त्याने स्वतःच पुसली, आणि तीही फोटो पुण्याला जायच्या आधीच. नाजनीनने चादरीत गुंडाळलेली काठी छातीशी धरली आणि ती मागे बसली.

निकाल पुढे आला. काठी निवडली गेली होती. नाजनीन फोन घेऊन धावत आमच्याकडे आली आणि तिथून मी, विजयमाला आणि अर्थात चनमल्लप्पा तिच्यामागून दुकानात गेलो. लेथपाशी तिचं स्टूल होतं. चांदसाब मागे एका पोत्यावर बसून लाटण्याला चपडीचा हात फिरवत होता. त्याने सगळं ऐकून घेतलं, वर पाहिलं, आणि पुण्यात ती माणसं काठी नुसती बघतात की हातात घेतात, एवढंच विचारलं.

"हातात घेतात," नाजनीन म्हणाली.

चांदसाब उठला. लाटणं खाली ठेवलं, हात धुतले, लुंगीला पुसले, आणि भिंतीवरची काठी काढून घेतली. म्हणाला, मग जायच्या आधी एकदा पुसून देतो. त्याचा हात सवयीने चपडीच्या डब्याशेजारच्या फडक्याकडे गेला.

नाजनीन लेथवरून न उठता म्हणाली, "अब्बा, ते नको. कोरडं घ्या."

त्याने कोरडं घेतलं.